ज्वालामुखींचा मोसम आणि एक काळी टाकी

डिसेंबर लागला की ठाण्यापासून कल्याणपर्यंत ज्वालामुखी फुटायला लागतात. कुणी घाबरत नाही. पुठ्ठ्याचा शंकू, त्यावर वर्तमानपत्राचा लगदा, लगद्यावर तपकिरी पोस्टर कलर, टोकाला औषधाची रिकामी बाटली गाडलेली. बाटलीत खायचा सोडा घालायचा, वरून लाल रंग मिसळलेलं व्हिनेगर. फस्स करून फेस वर येतो, शंकूवरून ओघळतो, टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर पसरतो आणि जमलेले पालक टाळ्या वाजवतात. शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शनं सुरू झाली, एवढाच त्याचा अर्थ.

इतरांचा डिसेंबर हुरड्याचा असेल, गाजराच्या हलव्याचा असेल. माझा डिसेंबर आंबट आहे. व्हिनेगर, ओला डिंक, पोस्टर कलर आणि एका हॉलमध्ये कोंडलेल्या शे-दीडशे मुलांचे मोजे, असा एक मिश्र वास खाडीवरच्या गार वाऱ्यावर बसून दरवर्षी माझ्यापर्यंत येतो.

मी गेली वीस-बावीस वर्षं या प्रदर्शनांना परीक्षक म्हणून जातो. राहतो ठाण्यात, डोंबिवलीत बारावीचे फिजिक्सचे क्लास घेतो. क्लासच्या बोर्डावर हाताची घडी घातलेला माझा फोटो आहे, त्यात मी न्यूटनला दोन गोष्टी समजावून आल्यासारखा दिसतो. असा फोटो असला की शाळा बोलावतात. छातीला सॅटिनच्या फितीचा बिल्ला लावतात, गुलाबाचं फूल देतात, साबुदाणा वडा देतात, आणि मग आपण टेबलाटेबलापुढे थांबून मान हलवायची.

या प्रदर्शनांत विज्ञान सोडून सगळं असतं. जिथे वर्षभर टँकरने पाणी येतं त्या सोसायटीतला मुलगा पावसाचं पाणी साठवायचं मॉडेल आणतो. सूर्यमालेत शनी आणि पृथ्वी एकाच मापाचे, कारण दुकानात चेंडू एकाच मापाचे मिळाले. सिरिंजांवर चालणारा पुठ्ठ्याचा हात तर प्रत्येक रांगेत एक. यातलं निम्मं वडिलांनी केलेलं असतं आणि उरलेलं विकत आणलेलं. डोंबिवलीत स्टेशनजवळ असली मॉडेलं विकणारं एक दुकान आहे. तिथे उभ्या असलेल्या एका आईला मी माझ्या कानांनी ऐकलं आहे : ‘‘नववीचं द्या.’’ बूट घ्यायला आल्यासारखं. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, ‘‘बक्षिसाचं देऊ, की नुसतं मार्कांचं?’’

आणि गुणपत्रक. सहा रकाने. मांडणी, मेहनत, विषय वगैरे झालं की शेवटचा रकाना : ‘मॉडेल चालते काय? – दहा गुण.’ इतर रकान्यांना पाच-पाच, याला दहा. विज्ञान म्हणजे मिक्सर, बटण दाबलं की फिरलं पाहिजे, असं मानणाऱ्या कुणाच्या तरी डोक्यातून तो आला असणार. या रकान्याला मी मनसोक्त हसलो असतो. पण तो हक्क मी केव्हाच गमावून बसलो आहे.

नोव्हेंबरच्या शेवटी टेंभी नाक्याजवळच्या एका शाळेतून मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. ‘‘सर, यंदा सगळ्या शाळांचं एकत्र प्रदर्शन आमच्याकडे आहे. तुम्ही यायचंच. मागे आला होतात ना, बारा-तेरा वर्षं झाली असतील. त्यानंतर आलाच नाहीत.’’

आलो नव्हतो. दर वर्षी काहीतरी कारण सांगितलं होतं. नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीला सगळं ठाणं लोटतं, तेव्हासुद्धा मी त्या शाळेच्या फाटकावरून मान खाली घालून जातो. या वेळी कारण सुचलं नाही. वय झालं की खोटं बोलण्याचा वेग कमी होतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी त्या शाळेच्या हॉलमध्ये, अगदी टोकाला, जिथली ट्यूबलाइट बंद होती तिथे, एक काळी टाकी ठेवलेली होती. माशांची जुनी काचेची टाकी, चारी बाजूंनी काळा कागद चिकटवलेली. आत पाणी आणि त्यावर तेलाचा थर. आतल्या भिंतींना टॉर्चच्या फेकलेल्या रिफ्लेक्टरच्या दहा-बारा चकत्या, सगळ्या आत तोंड करून. वर लगद्याचा एक डोंगर, त्यावर स्वच्छ अक्षरात ‘पारसिक’. आणि टाकीला समोरून एक बोटभर भोक.

मागे सुजाता उभी होती. नववीतली मुलगी, दोन वेण्या, गणवेशाच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. कळव्याला पारसिकच्या पायथ्याशी एका चाळीत राहायची. तिचे वडील खोपटच्या डेपोत एसटीचे कंडक्टर. ते भिंतीला टेकून उभे होते, खाकी कपड्यांतच; ड्युटी बदलून आले होते.

‘‘हे काय आहे?’’ मी विचारलं. तोवर मी चार ज्वालामुखी पाहिले होते.

‘‘सर, पृथ्वीच्या पोटात उष्णता कुठून येते ते शोधायचं यंत्र.’’

‘‘यंत्र? मग बटण कुठंय?’’

‘‘बटण नाही सर. थांबायचं असतं.’’

मी भोकाला डोळा लावला. आत अंधार होता. ‘‘काहीच दिसत नाही.’’

‘‘हो सर,’’ ती उत्साहाने म्हणाली, ‘‘बहुतेक वेळा काहीच दिसत नाही.’’

माझ्याबरोबर दुसऱ्या परीक्षक होत्या, जीवशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. त्या पदराआड हसल्या. आजूबाजूची मुलं जमली. सुजाताला ते कळलं नाही, किंवा कळूनही तिने पर्वा केली नाही. ती बोलायला लागली आणि बोलतच राहिली.

तिच्या वडिलांची ड्युटी वज्रेश्वरीच्या गाडीवर असायची. सुट्टीत ती बरोबर जायची. ‘‘आम्ही देवळात नाही जात सर, पण कुंडात पाय घालून बसतो.’’ तिथलं पाणी कढत कुणी केलं, हा तिचा प्रश्न. तिथल्या लोकांनी सांगितलं, राक्षसांचं रक्त आहे. शाळेत सांगितलं, जमिनीखाली गरम असतं. जमिनीखाली गरम का असतं, हे कुणीच सांगेना. मग गाडीत कुणाचं तरी विसरलेलं एक इंग्रजी मासिक वडिलांनी घरी आणलं, आणि शब्दकोश घेऊन तिने एकच लेख महिनाभर वाचला.

‘‘पृथ्वीच्या आत युरेनियम आणि थोरियम आहे सर. ते आपोआप फुटत राहतं. फुटलं की उष्णता निघते, आणि उष्णतेबरोबर एक बारीक कण निघतो, अँटिन्यूट्रिनो. उष्णतेला वर यायला कोट्यवधी वर्षं लागतात. हा कण मधल्या दगडांना विचारतच नाही, सरळ बाहेर येतो. आता पण आपल्यातून जातायत. बोटाच्या पेरातून सेकंदाला लाखो.’’

मुलांनी आपापली बोटं पाहिली.

‘‘आत जाऊन बघता येत नाही ना, म्हणून बाहेर बसून हे कण मोजायचे. म्हणजे कसं सर, गाडी भरलेली बघायला नको. तिकिटं मोजली की कळतं, आत किती माणसं होती.’’

भिंतीपाशी वडिलांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मला ते दिसलं होतं, हे मी आज लिहितो आहे.

जपानात आणि इटलीत डोंगराखाली खरोखरच्या प्रचंड टाक्या आहेत, तेलासारखा द्रव भरलेल्या, आतून उजेड टिपणारे डोळे लावलेल्या, हे तिने सांगितलं. डोंगर कशाला, तर आकाशातून येणारे बाकीचे कण अडवायला. कण लाखोंनी जातात, पण महिन्याकाठी एखादाच अडकतो. अणुभट्ट्यांतूनही हेच कण निघतात आणि मोजणीत घोटाळा करतात. दोन वर्षांपूर्वीच्या भूकंपानंतर जपानातल्या भट्ट्या बंद राहिल्या, तेव्हा कुठे पृथ्वीचे कण नीट वेगळे काढता आले.

‘‘आणि कण सापडला हे कळतं कसं?’’ मी विचारलं. तिला अडकवायचं म्हणून.

‘‘दोन चमका होतात सर. कण आदळला की एक चमक, आणि तिच्या मागोमाग दुसरी. एकटी चमक कशानेही होते, तिला अर्थ नाही. म्हणून पहिली आली की थांबायचं. दुसरी लगेच आली, तरच तो कण.’’

‘‘लगेच म्हणजे?’’

‘‘सेकंदाचे पाच हजार तुकडे केले ना, तर त्यातल्या एखाद्या तुकड्याएवढा वेळ.’’

‘‘आणि उशिरा आली तर?’’

‘‘मोजत नाहीत सर.’’

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे, हे कळायला माणसाला सेकंदाचे तुकडेही लागत नाहीत. मला ते ताबडतोब कळलं होतं. त्यावर मी काय केलं, तर छातीवरचा बिल्ला सरळ केला आणि आवाज चढवला.

‘‘बाळ, न्यूट्रिनोला विद्युतभार नसतो. माहितेय ना? मग त्याचा अँटी कुठून येणार? शून्याचं उलटं काय? शून्यच. मासिकात काहीही छापून येतं.’’

मुलं हसली. हशा मिळाला की मी थांबत नाही. क्लासमध्ये तीस वर्षं हेच करत आलो आहे.

‘‘सर, असतो,’’ ती म्हणाली.

‘‘आणि पारसिकखाली आधीच रेल्वेचा बोगदा आहे,’’ परीक्षक बाई म्हणाल्या, ‘‘त्यातच ठेव की टाकी.’’ पुन्हा हशा.

मी गुणपत्रक काढलं. ‘मॉडेल चालते काय?’ समोर शून्य लिहिलं. ती पाहू शकेल असं लिहिलं.

निघताना वडील पुढे आले. ‘‘सर, पोरीचं काय चुकलं?’’

‘‘चुकलं असं नाही हो. पण चालत नाही ना काही त्यात.’’

त्यांनी टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘‘आमची गाडी पण कधी कधी चालत नाय सर. घाटात उभी राहते. पण गाडीच असते ती.’’

त्यावर मी हसलो. चांगला विनोद ऐकल्यासारखा हसलो आणि पुढच्या टेबलाकडे गेलो.

त्याच संध्याकाळी डोंबिवलीच्या क्लासमध्ये अणुकेंद्रकाचा धडा होता. डोक्यात दुसरंच काहीतरी, हाताला सवय. न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, आणि शेवटी न्यूट्रिनोचं चिन्ह. खडू ठेवून मी वळलो.

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, वरची रेघ राहिली.’’

‘‘कसली रेघ?’’

‘‘डोक्यावरची, सर. त्या शेवटच्या चिन्हाच्या.’’

‘‘ती कशाची असते?’’

दुसरं कुणीतरी म्हणालं, ‘‘माहीत नाही सर. तुम्हीच सांगितलेलं, रेघ विसरली की अर्धा मार्क जातो.’’

मी परत फळ्याकडे वळलो. ती आडवी रेघ म्हणजेच अँटी. न्यूट्रिनोच्या डोक्यावर ती रेघ आली की तो अँटिन्यूट्रिनो. अठरा वर्षं मी दर हिवाळ्यात ती रेघ काढत होतो, शेकडो मुलांकडून गिरवून घेत होतो, विसरलात तर अर्धा मार्क जाईल म्हणून दरडावत होतो. त्या रेघेच्या पोटात काय आहे हे एकदाही मनात आलं नव्हतं. विद्युतभार नसला तरी उलटा कण असतो. बारावीच्या पुस्तकात होतं. माझ्या हातात खडू होता आणि एसटी कंडक्टरच्या मुलीने विसरलेल्या मासिकातून वाचलं होतं.

मी रेघ काढली. बोटं पुसली. ‘‘पुढे चला,’’ म्हणालो.

गुणपत्रक माझ्याच बॅगेत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बक्षीस समारंभाआधी द्यायचं होतं. शून्य खोडून दहा करायला किती वेळ लागतो? पण या पत्रकांचा एक रिवाज आहे : खाडाखोड केली की शेजारी सही करायची, आणि दोन परीक्षक असतील तर दोघांची. म्हणजे मला बाईंकडे जाऊन सांगावं लागलं असतं, बाई, ती मुलगी बरोबर होती, मी चुकलो. एवढं एक वाक्य. मी सकाळी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पत्रक जसंच्या तसं दिलं.

पहिलं बक्षीस ज्वालामुखीला मिळालं. बक्षीस मिळालेली मुलं जिल्ह्याला जाणार होती, आणि जिल्ह्याला गेलेल्यांना पुण्याजवळच्या मोठ्या दुर्बिणी दाखवायला नेणार होते. सुजाताला त्या दुर्बिणी पाहायच्या होत्या. टाकीला चिकटवलेल्या माहितीत शेवटी तिने तसं लिहिलंही होतं. समारंभ संपल्यावर मी फाटकाशी उभा होतो, हातात गुलाब. टाकीतलं पाणी गटारात ओतून वडिलांनी ती खांद्यावर घेतली होती. ‘पारसिक’ तिच्या हातात होता. ती माझ्याजवळून गेली आणि म्हणाली, ‘‘येते सर.’’ संस्कार म्हणतात तो हाच असावा.

पश्चात्तापाने माणूस सुधारतो म्हणतात. माझं फक्त वाचन वाढलं. अँटिन्यूट्रिनोवर मराठीत-इंग्रजीत जे सापडलं ते मी या वर्षांत वाचून काढलं आहे. पृथ्वीच्या आतली उष्णता अंदाजे निम्मी तिच्या जन्मापासून उरलेली, आणि साधारण निम्मी अशा फुटण्यातून रोज नव्याने होणारी. कुठली किती, हे अजून नक्की ठरलेलं नाही. टाक्या अंधारात बसून मोजत आहेत. पोटॅशियमही आतून तापवतं, पण त्यातून निघणारे कण इतके मवाळ असतात की या टाक्यांत त्यांची चमकच होत नाही. ते आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त दिसत नाहीत. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीत बसलो होतो. बसण्याने काय होणार होतं? अपराधी माणसाला स्वतःच्या अपराधाचं एक कौतुक असतं. तो ते रोज काढतो, पुसतो, परत ठेवतो. ज्याचं देणं लागतो त्याच्या दारात मात्र जात नाही.

खिडकीतून लांब पारसिकचा डोंगर दिसतो, खडीसाठी पोखरलेला. तो खऱ्या लाव्ह्याचा आहे. ठाणं, कळवा, डोंबिवली, कल्याण, ही सगळी शहरं ज्या काळ्या दगडावर उभी आहेत तो कधीकाळी वितळून वाहत होता. ज्वालामुखीच्या दगडावर शाळा बांधायची, त्याच दगडाची खडी रस्त्याला घालायची, आणि आत पोरांकडून पुठ्ठ्याचा ज्वालामुखी करून घ्यायचा. खिडकीबाहेर बघा म्हणून सांगणारा मास्तर या पट्ट्यात निघाला नाही. मीही नाही.

एकदा, चार-पाच वर्षांपूर्वी, मी खोपटहून वज्रेश्वरीची गाडी पकडली. पाय शेकायला जातो, असं घरी सांगितलं. गाडीत तिकीट द्यायला आले ते सुजाताचे वडीलच. केस पांढरे झाले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं.

‘‘सर! वज्रेश्वरी? कुंडात?’’

‘‘हो. तुमची मुलगी काय करते?’’

‘‘बीएस्सी झाली. आता बीएड करते.’’ त्यांनी मशीनमधून तिकीट काढून दिलं. ‘‘टाकी अजून हाय घरात. कळव्यात पाण्याचे वांधे, माहितेय ना. पाणी भरून ठेवतो तिच्यात.’’

मी तोंड उघडलं. मागून कुणीतरी ‘‘ओ मास्तर, अंबाडी एक’’ म्हणून ओरडलं आणि ते वळले. परत येताना सांगू, असं मी ठरवलं. कुंडात पाय घालून बसलो, पाय भाजले, लाल झाले. परतीच्या गाडीवर दुसरा कंडक्टर होता. मला हायसं वाटलं. या लेखात दुसरं काही खरं नसलं तरी ते हायसं वाटणं खरं आहे.

तर यंदाचा डिसेंबर. तोच हॉल. टोकाची ट्यूबलाइट आता लागते. बिल्ला, गुलाब, साबुदाणा वडा. तिसऱ्या रांगेत मला पहिला ज्वालामुखी भेटला आणि सगळी जुनी चीड वर आली. कळव्याच्या एका शाळेतल्या दोन मुली, मोजके शब्द पाठ करून आलेल्या.

‘‘फुटतो का?’’ मी विचारलं.

‘‘फुटतो ना सर! दाखवू?’’

‘‘नको. मला सांगा, खऱ्या ज्वालामुखीत ही उष्णता येते कुठून?’’

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ‘‘सर, सोडा आणि व्हिनेगरची...’’

‘‘खऱ्या! खऱ्या ज्वालामुखीत!’’

दोघींतली धाकटी व्हिनेगरची बाटली चाचपायला लागली.

‘‘कुणी करून दिलं हे? बाबांनी की दुकानातून आणलं?’’

‘‘नाय सर, आम्हीच केलंय,’’ धाकटी रागावून म्हणाली. ‘‘मॅडमनी शिकवलं.’’

‘‘मग बोलवा तुमच्या मॅडमना.’’

मॅडम पलीकडच्या टेबलावर चादर सारखी करत होत्या. त्या आल्या. साध्या सुती ड्रेसच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या होत्या. त्या बाह्या मी चेहऱ्याआधी ओळखल्या.

‘‘नमस्कार सर. ओळखलंत?’’

‘‘सुजाता.’’

‘‘नाव लक्षात आहे?’’ तिला खरंच आश्चर्य वाटलं.

माझ्या तोंडून भलतंच निघालं. ‘‘तू? आणि ज्वालामुखी?’’

‘‘चालतो ना सर,’’ ती सहज म्हणाली. ‘‘चालण्याला दहा मार्क आहेत. मुलींना जिल्ह्याला जायचंय. आमच्या शाळेतून अजून कुणी गेलेलं नाही.’’ मग मुलींना म्हणाली, ‘‘पाणी पिऊन या जा दोघी.’’

मुली चार पावलं गेल्या आणि तिथेच घुटमळल्या.

जे बारा-तेरा वर्षं घोळवलं होतं ते मी बोललो. घोळवताना त्यात चांगली वाक्यं होती. ती सगळी गळाली. ‘‘सुजाता, त्या दिवशी तू बरोबर होतीस. अँटिन्यूट्रिनो असतो. मी चुकीचं बोललो आणि तुझं हसं केलं.’’

‘‘जाऊ द्या हो सर. किती वर्षं झाली.’’ ती हसली. खरंच मोकळं हसली. ‘‘मी बाबांना तेव्हाच म्हणाले होते, सरांना माहीत नसेल. सगळ्यांना सगळं कुठे माहीत असतं?’’

इथे मी थांबायला हवं होतं. पण कबुलीची एक चटक असते. अर्धी देऊन भागत नाही.

‘‘मला त्याच संध्याकाळी कळलं होतं,’’ मी म्हणालो. ‘‘क्लासमध्येच. पत्रक माझ्या बॅगेत होतं. सकाळी दिलं, तेव्हा मला सगळं माहीत होतं.’’

तिचं हसू एकदम गेलं नाही. हळूहळू गेलं.

‘‘त्याच संध्याकाळी?’’

‘‘हो.’’

‘‘म्हणजे फाटकाशी उभे होतात तेव्हा...’’

‘‘हो.’’

ती ज्वालामुखीकडे वळली. नखाने त्याच्या उतारावरचा एक सुटलेला कागद तिने दाबून बसवला. इतकी वर्षं तिच्यापाशी मला माफ करायला एक साधं, स्वच्छ कारण होतं : सरांना माहीत नव्हतं. तेवढं एक तिने माझ्यासाठी जपून ठेवलं होतं आणि ते मी आताच, स्वतःच्या जिवाला बरं वाटावं म्हणून, तिच्या हातून काढून घेतलं होतं. गुणपत्रकावरच्या शून्यापेक्षा हे मोठं होतं. निदान ते शून्य मी भीतीपोटी लिहिलं होतं.

‘‘मला माफ...’’ मी सुरुवात केली.

‘‘सर,’’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. वर्गात उत्तर तपासताना असतो तसा आवाज. ‘‘दोन चमकांमध्ये एवढा वेळ गेला तर मोजत नाहीत.’’

मग तिने माझ्या हातातल्या पत्रकाकडे बोट केलं. ‘‘मुलींचे मार्क टाका. त्यांचं चालतं.’’

मुली धावत आल्या. सोडा, व्हिनेगर, फस्स. लाल फेस उतारावरून आला, चादरीवर पसरला, माझ्या शर्टाच्या बाहीला लागला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ‘मॉडेल चालते काय?’ समोर मी दहा लिहिलं. खोटं नव्हतं.

‘‘मॅडम,’’ धाकटी सुजाताची ओढणी ओढत म्हणाली, ‘‘कुठल्या दोन चमका? आणि खऱ्यात उष्णता येते कुठून?’’

सुजाताने फडका घेतला आणि फेस पुसायला लागली.

‘‘सांगते,’’ ती म्हणाली. ‘‘आधी सरांना जाऊ दे.’’

मी पुढच्या टेबलाकडे गेलो. तिथे पवनचक्की होती. विजेच्या पंख्यासमोर ठेवली होती. फिरत होती.